गेरिटवर एकावर एक रचलेले रिव्ह्यू: आठ महिने वापरल्यावर

मोठं काम चार-पाच कमिटची (कोडमधल्या नोंदवलेल्या छोट्या बदलांची) साखळी करून रिव्ह्यूला पाठवायची सवय मला गेरिट या कोड तपासण्याच्या साधनाने लावली. तपासणाऱ्याच्या अंगावर दोन हजार ओळी एकदम पडत नाहीत, आणि खालचा कमिट रखडला तरी वरचं काम चालू राहतं. पहिल्या दोन महिन्यांत मात्र नको तो कमिट मेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य शाखेत, जाण्याचा प्रकार आमच्याकडे दोनदा घडला. दोन्ही वेळा चूक आमचीच होती.

पहिली चूक माझी. साखळीत सगळ्यात खाली डेटाबेसमध्ये नवा कॉलम आणणारा कमिट होता आणि वर तो कॉलम वाचणारा. वरच्याला आधी मंजुरी मिळाली, सीआयही (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा) हिरवा होता, म्हणून मी सबमिट, म्हणजे मेनमध्ये घालायचं बटण, दाबलं. कमिट एकटाच मेनमध्ये गेला. आमच्या प्रोजेक्टचा सबमिट प्रकार 'चेरी पिक' (तेवढाच कमिट उचलून मेनवर ठेवणारा) होता, आणि त्यात गेरिट कमिटमधलं अवलंबित्व पाहतच नाही. हे त्याच्या माहितीपानावर स्पष्ट लिहिलंय. आम्ही वाचलं नव्हतं, एवढंच. गंमत म्हणजे सीआयने तपासणी केली ती खालच्या कमिटसकट आणि मेनमध्ये गेला तो त्याच्याशिवाय. कॉलमचं नाव क्वेरीच्या स्ट्रिंगमध्ये होतं, त्यामुळे बिल्डही तुटला नाही. रात्रीच्या टेस्ट पडल्या तेव्हा कळलं.

तो कमिट रिव्हर्ट केल्यावर, म्हणजे मागे घेतल्यावर, आणखी एक फटका. तोच कमिट परत पाठवायला गेलो तर पुश (सर्व्हरवर पाठवणं) नाकारला गेला, कारण त्याच्या संदेशातल्या चेंज-आयडीचा (रिव्ह्यूच्या ओळख क्रमांकाचा) रिव्ह्यू मर्ज होऊन बंद झालेला. संदेशातली ती ओळ काढून नवा आयडी घ्यावा लागतो.

त्यानंतर सबमिट प्रकार 'रिबेस इफ नेसेसरी' (गरज पडली तर कमिट मेनच्या ताज्या टोकावर नव्याने बसवणारा) केला. हा एकच बदल बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाचा ठरला. आता वरच्या कमिटवर बटण 'सबमिट इन्क्लुडिंग पेरेंट्स' असं दिसतं, आणि खालच्यांपैकी एकालाही मंजुरी नसेल तर ते चालत नाही. खालच्या कमिटवर कुणी उणे दोन (ठाम नकाराचं मत) दिले की वरची अख्खी साखळी अडते. खालच्याचा नवा पॅचसेट (सुधारलेली आवृत्ती) आला आणि वरचा अजून जुन्यावरच बसलेला असेल, तरी सबमिट नाकारलं जातं. सुरुवातीला याचा वैताग आला. आता येत नाही.

सोबत दोन छोटे बदल केले. एक, मेनवर थेट पुश करायची परवानगी काढून घेतली. दुसरा मतांबद्दलचा: नुसता रिबेस झाला तर कोड-रिव्ह्यूचं मत पुढच्या पॅचसेटवर टिकतं, पण 'व्हेरिफाइड' (टेस्टच्या निकालाचं मत) आम्ही टिकू देत नाही. पाया बदलला की टेस्ट पुन्हा चालल्याच पाहिजेत. यामुळे सीआयची रांग वाढते, पाच कमिटची साखळी रिबेस केली की पाच बिल्ड. ते सोसतो.

दुसरी चूक दोन रिपॉझिटरींमधली (कोडच्या वेगवेगळ्या साठ्यांमधली). कमिटच्या संदेशात 'डिपेंड्स-ऑन' (हा बदल दुसऱ्या कुठल्या बदलावर अवलंबून आहे ते) लिहून आम्ही निश्चिंत होतो. ती ओळ झूलसारखी सीआय यंत्रणा वाचते. गेरिटच्या लेखी तो साधा मजकूर. आमच्याकडे झूल नाही, त्यामुळे क्लायंटचा बदल सर्व्हरच्या आधी गेला. मग सीआयमध्ये छोटी स्क्रिप्ट टाकली: ती ओळ शोधायची, तो रिव्ह्यू मर्ज झालाय का ते गेरिटला विचारायचं, नसेल तर 'व्हेरिफाइड' उणे एक. आमच्या नियमात सबमिटला अधिक एक लागतोच, म्हणून कमिट तिथेच अडतो. कटकट एवढीच की पलीकडचा बदल मर्ज झाल्यावर तपासणी हाताने पुन्हा चालवावी लागते.

साखळी पाठवताना अर्धवट कमिट मध्ये असेल तर तो 'वर्क इन प्रोग्रेस' म्हणूनच पाठवा, त्या अवस्थेत सबमिट होतच नाही. आणि साखळीतल्या खालच्या कमिटची दुरुस्ती चुकून वरच्यात जाऊ नये म्हणून मी फिक्सअप कमिट (ठरावीक कमिटसाठीची वेगळी दुरुस्ती) करून ऑटोस्क्वॉशने रिबेस करते, म्हणजे दुरुस्ती आपोआप त्याच कमिटमध्ये मिसळते. नुसत्या अमेंडने (सगळ्यात वरचा कमिट बदलणाऱ्या आज्ञेने) माझा दोनदा घोळ झालाय.

अडकलेलं एकच: दोन रिपॉझिटरींतले बदल एकमेकांवर अवलंबून असले की आमची स्क्रिप्ट दोघांनाही कायमचं उणे एक देते. एकाच टॉपिकचे (एकच नाव देऊन एकत्र बांधलेले) रिव्ह्यू एकत्र सबमिट करायची सोय गेरिटमध्ये आहे, पण ती पूर्ण सर्व्हरला लागू होते आणि दोन्ही रिपॉझिटरींत सगळं जाईल किंवा काहीच जाणार नाही, अशी हमी देत नाही. म्हणून ती बंदच ठेवलीय. त्याऐवजी बदल तीन टप्प्यांत करतो: आधी सर्व्हरवर जुन्याशेजारी नवं, मग क्लायंट नव्यावर, शेवटी जुनं काढायचं. रिव्ह्यू तीन होतात, पण गाठ पडत नाही.