चियांग माईत नऊ महिने: डोंगर दिसतोय का?

उत्तर थायलंडमधल्या या शहरात ऑगस्टमध्ये आलो, आता एप्रिलअखेर निघतोय. नवऱ्याचं विद्यापीठातलं काम आणि माझं लॅपटॉपवरचं, असा संसार इथे नऊ महिने चालला. डिसेंबरात कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते. आज साडेतीन देते. उरलेले दीड कुठे गेले ते आधी सांगते, कारण थंडीत आठवडाभर येऊन फोटो काढून गेलेल्यांना ते कळतच नाही.

आमच्या गॅलरीतून समोर डोई सुथेपचा डोंगर. जानेवारीपर्यंत त्यावरचं सोनेरी देऊळ उन्हात चमकताना दिसायचं. फेब्रुवारीत डोंगर पुसट झाला आणि मार्चमध्ये एका सकाळी बघते तर डोंगर नाहीच! जंगलातले वणवे, मक्याची जाळलेली रानं, म्यानमार-लाओसकडून येणारा धूर. त्यात शहर डोंगरांमधल्या खोलगटात. वर गरम हवेचं झाकण बसलं की धूर जाणार कुठे? वाळत घातलेल्या चादरीवर राखेचे काळे तुकडे पडायचे, बोट लावलं की चुरा. मी कोकणातली, राब भाजताना बघत वाढलेली, धुराचं मला काय सांगता, असं आधी वाटलं होतं. पण तो धूर दोन दिवसांचा. इथे सहा आठवडे घसा खवखवत होता. एअर प्युरिफायर मार्चमध्ये घ्यायला गेलो तर दोन दुकानांत संपलेले. जानेवारीतच घ्या. खरं तर फेब्रुवारी ते एप्रिल इथे राहूच नका. घराचा करार वर्षाचा करायला सांगतील, सहा महिन्यांवर अडून बसा.

घराचंच निघालंय तर: भाडं १२,००० बाथ, अनामत दोन महिन्यांची. विजेचा दर आधी विचारा. आमच्याकडून युनिटला ८ बाथ घेतले, सरकारी दराच्या जवळजवळ दुप्पट. आणि परवा अनामतीतून १,५०० कापले, ओट्यावरच्या हळदीच्या डागासाठी. डाग होता, नाही म्हणत नाही. पण १,५००?

बाकी शहर मात्र जीव लावणारं. नावाचा अर्थ 'नवं शहर', स्थापना मंगराय राजाने १२९६ साली केलेली. जुनं गाव चौकोनी खंदकाच्या आत. सकाळी सातला तिथल्या गल्ल्यांतून चालावं, भिक्षू अनवाणी भिक्षेला निघालेले असतात. वात चेदी लुआंग देवळातल्या स्तूपाचा माथा १५४५च्या भूकंपात ढासळला, तो आजही तसाच. मला तो डोंगरावरच्या चकचकीत देवळापेक्षा आवडला. रविवारी संध्याकाळी था फे वेशीपासून बाजार भरतो. सहाला राष्ट्रगीत लागतं आणि ती अख्खी गर्दी जागच्या जागी उभी राहते, कढईतलं तेवढं तडतडत असतं. या रविवाराला थाईत 'वान आथित' म्हणतात, म्हणजे आदित्यवार. माझी आजी 'आयतवार' म्हणायची. मंगळवार 'अंगखान', आपल्या अंगारकीतला अंगारक!

फिरायला लाल रंगाच्या 'रोत दॅंग', आपली वडापच. 'रोत' म्हणजे रथ. स्कूटर घेणार असाल तर दुचाकीचा शिक्का असलेला आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढूनच या, खंदकाच्या रस्त्यावर पोलीस अडवतात. गाड्या डावीकडूनच चालतात, हात लगेच बसतो. सामोएंगचा सुमारे १०० किलोमीटरचा घाटाचा फेरा आम्ही चारदा केला. डोई इन्थानोन (२,५६५ मीटर, थायलंडमधलं सर्वांत उंच शिखर) एकदा, कुडकुडत. पै गावाच्या रस्त्याला ७६२ वळणं आहेत म्हणतात. मी विसाव्या वळणानंतर मोजलं नाही, पिशवी धरून बसले होते. कोणी सांगत नाही ते मी सांगते: शेजारच्या लाम्फून गावाला जुन्या रस्त्याने जा. दोन्ही बाजूंना उंचच उंच यांगची झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याला भगवं वस्त्र गुंडाळलेलं. भिक्षूची वस्त्रं नेसलेलं झाड तोडायला हात धजत नाही.

शाकाहाऱ्यांनो, 'जे' लिहिलेली पिवळी पाटी शोधा. किंवा 'मंगसाविरत' म्हणा. मोठ्याने म्हणून बघा, 'मांसविरत' ऐकू येईल. यात अंडं चालतं, 'जे'मध्ये कांदा-लसूणही नाही. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर माशांचं पाणी, म्हणजे फिश सॉस, पडतंच. मी खाते सगळं, त्यामुळे खाओ सोईवर जगले: नारळाच्या दुधाच्या रश्शात शेवया, आणि मिसळीवर फरसाण पडावं तशा वरून तळलेल्या कुरकुरीत शेवया. बाजूला मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चा कांदा, लिंबू.

नाम प्रिक नुम मात्र घरचंच निघालं. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे, दगडी खलात कुटलेले. ठेचाच की! पहिल्यांदा खाल्ला तेव्हा विकणाऱ्या मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता रडेल म्हणून. मी आणखी मागितला. नंतर वारोरोत बाजारातून तसाच खल घेतला. पाच किलोंचा आहे. काल बॅगा भरताना वजन जास्त भरलं, तर नवऱ्याची पुस्तकं काढली.