'सिल्व्हर एज' हे शब्द खरे होते, तरीही मी फसलो

माझा थोरला भाऊ मार्च १९६४ चा. त्याच महिन्यात इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं, हे तो लहानपणापासून अभिमानाने सांगत आला आहे. सांगलीत आम्ही वाढलो ते त्याच्या वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, इंद्रजाल अंकांवर. रद्दीच्या दुकानातून, मित्रांशी अदलाबदल करून त्याने ते जमवले होते, आणि हात धुऊन आल्याशिवाय तो मला त्यांना शिवूही द्यायचा नाही. त्याची साठीशांत ठरली, तेव्हा त्याच्या जन्ममहिन्याचं एखादं अमेरिकन कॉमिक घेऊन जावं असं माझ्या मनात आलं. मी न्यू जर्सीत राहतो. इथे शनिवार-रविवारी हॉटेलांच्या सभागृहांत जुन्या कॉमिक्सचे बाजार भरतात.

अंकही नेमका ठरला : 'अ‍ॅव्हेंजर्स' क्रमांक ४, मुखपृष्ठावरची तारीख मार्च १९६४. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांचा. १९४१ साली अवतरलेला कॅप्टन अमेरिका यात बर्फात गोठलेला सापडतो आणि पुन्हा उठून उभा राहतो. संग्राहकांच्या भाषेत सांगायचं तर गोल्डन एजचा, म्हणजे अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सच्या पहिल्या कालखंडाचा, नायक सिल्व्हर एजमध्ये, म्हणजे त्यानंतरच्या कालखंडात, येतो तो याच अंकात.

खरेदीआधी मी तीन आठवडे अभ्यास केला. सगळा वेळ दिला तो या 'एज' म्हणजे कालखंडांना, आणि माझी चूक तिथेच झाली. गोल्डन एजची सुरुवात जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' क्रमांक १ पासून, सुपरमॅनपासून, यावर सहसा कुणी भांडत नाही. भांडण सुरू होतं ते पुढे. कुणी म्हणतं, महायुद्ध संपलं तेव्हा तो काळ संपला. कुणी तो १९५४ पर्यंत, कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांची मजकुराबाबतची आचारसंहिता, येईपर्यंत ओढतं. काही जण मधल्या वर्षांना अ‍ॅटॉमिक एज असं वेगळंच नाव देतात. सिल्व्हर एज ऑक्टोबर १९५६ च्या 'शोकेस' क्रमांक ४ पासून, नव्या फ्लॅशपासून, असं बहुतेक जण मानतात. पण नोव्हेंबर १९५५ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' २२५ मध्ये मार्शियन मॅनहंटर आला, मग तिथूनच का नको, असं म्हणणारेही भेटतात. शेवटाबद्दल तर विचारूच नका. १९७० मध्ये कर्बी मार्व्हल ही प्रकाशनसंस्था सोडून प्रतिस्पर्धी डीसीकडे गेला तो क्षण? त्याच वर्षीचा 'कोनन' क्रमांक १? की जून १९७३, 'अमेझिंग स्पायडरमॅन' १२१, ज्यात स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरते? काही जण सरळ किमतीवर बोट ठेवतात : बारा सेंट म्हणजे सिल्व्हर, १९६९ मध्ये अंक पंधरा सेंटला झाला की ब्राँझ, म्हणजे पुढचा कालखंड, सुरू.

या सीमा कुठल्याही अंकावर छापलेल्या नसतात. वाचकांनी, संग्राहकांनी आणि व्यापाऱ्यांनी त्या मागाहून आखल्या. मला हे सगळं तोंडपाठ होतं.

त्या विक्रेत्याच्या टेबलावर 'सिल्व्हर एज' अशी मोठी पाटी होती. माणूस वयस्कर, मृदू बोलणारा. मी अंक मागितला, तर तो आधी मलाच विचारू लागला, सिल्व्हर एज कधी संपतं असं तुम्हाला वाटतं? आम्ही अर्धा तास बोललो असू. तो मला दुजोरा देत होता, माझं वाचन किती आहे म्हणून कौतुक करत होता. या अर्ध्या तासात अंक प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या हातातच होता आणि पिशवीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर पिवळं लेबल चिकटवलेलं होतं : ६५० डॉलर. बाजारभावाच्या मानाने स्वस्त. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, ग्रेडिंग, म्हणजे अंकाच्या स्थितीची तज्ज्ञांकडून प्रतवारी, करून घेतलेलं नाही, म्हणून. रोख दिलेत तर पन्नास कमी करतो. मी रोख दिले. पावतीवर त्याने लिहिलं : 'सिल्व्हर एज कॉमिक, अ‍ॅव्हेंजर्स ४, आहे त्या स्थितीत.'

घरी आल्यावर मी अंक ऑफिसमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवला. ते चाळीस वर्षं कॉमिक्स जमवतात. त्यांनी लेबल नखाने हळूच सोडवलं, अंक दिव्याखाली धरला आणि एवढंच विचारलं, "बारा सेंट कुठे आहेत?"

नव्हतेच. मूळ अंकावर त्या कोपऱ्यात १२ सेंट ही किंमत छापलेली असते. माझ्या अंकावर ती जागा रिकामी होती. तो १९६६ चा पुनर्मुद्रित अंक होता. गोल्डन रेकॉर्ड नावाखाली तेव्हा कॉमिक आणि ग्रामोफोनची तबकडी असा संच विकत, मुलांनी ऐकता ऐकता वाचावं म्हणून. अंक सुटा विकायचा नव्हता, म्हणून त्यावर किंमत नाही. 'अ‍ॅव्हेंजर्स' ४ प्रमाणे 'अमेझिंग स्पायडरमॅन' आणि 'फॅन्टॅस्टिक फोर' यांचे पहिले अंकही असेच निघाले होते. या पुनर्मुद्रणांनाही मोल आहे, पण मूळ अंकाच्या पासंगालाही ते पुरत नाही.

पुढच्या रविवारी मी पावती घेऊन विक्रेत्याकडे गेलो. त्याने आवाज चढवला नाही. "१९६६ हे वर्ष तुमच्या कुठल्याही सीमेप्रमाणे सिल्व्हर एजमध्येच येतं ना? मग मी खोटं काय लिहिलं?" पावतीवर साल नव्हतं, पहिली छपाई असंही कुठे नव्हतं. आयोजकांनी हा तुमचा आपसातला व्यवहार म्हणून हात झटकले. रोख दिल्यामुळे कार्ड कंपनीकडे दाद मागायचीही सोय राहिली नाही. सहाशे डॉलर गेले. त्याहून जास्त लागलं ते हे, की दादाच्या जन्मसालाचा म्हणून मी जे जपून आणलं, ते त्या सालाचं नव्हतंच.

तेव्हापासून मी कालखंड विचारणं सोडलं आहे. पावतीवर अंक क्रमांक, महिना, साल आणि 'पहिली छपाई' असं लिहून द्यायला सांगतो. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेत नाही. अंक पिशवीतून बाहेर काढूनच बघतो, आधी चारही कोपरे आणि मग आतल्या पानाच्या तळाशी असलेला बारीक टाइपातला प्रकाशनाचा मजकूर. आकारही मोजतो. १९७४ मध्ये डीसीने 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' १ ची मोठ्या आकाराची प्रतिकृती काढली होती, साधारण दहा बाय साडेतेरा इंचांची. तिचं बाहेरचं मुखपृष्ठ फाडून टाकलं की आत हुबेहूब १९३८ चा अंक दिसतो, आणि तो मूळ म्हणून लोकांच्या गळ्यात मारला गेला आहे. 'स्टार वॉर्स' क्रमांक १ घेताना तर दुप्पट सावध राहा. १९७७ चा हा अंक तीस सेंटचा. चाचणी म्हणून मोजक्या ठिकाणी तो पस्तीस सेंटला विकला गेला, आणि ते अंक फार महाग आहेत. पण पुनर्मुद्रणांवरही पस्तीस सेंट छापलेलं सापडतं. काही पुनर्मुद्रणांवर किंमत तिरप्या चौकटीत असते आणि मुखपृष्ठावर बारकोड नसतो. तरी 'ब्राँझ एज' ही पाटी दोन्हींवर बिनधास्त लागते.

मागच्या महिन्यात तो विक्रेता मला पुन्हा दिसला. तीच पाटी, पिशव्यांच्या त्याच कोपऱ्यावर तीच पिवळी लेबलं. टेबलाशी सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर उभा होता आणि सिल्व्हर एज कधी सुरू झालं यावर विक्रेत्याशी त्यांची चर्चा रंगात आली होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि मुलाला म्हटलं, ते लेबल काढून कोपरा दाखवायला सांग. मुलाने तसं सांगितलं. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं, अंक मुलाच्या हातातून घेतला आणि तो विकायचा नाही म्हणून टेबलाखालच्या खोक्यात ठेवून दिला.