डेझर्ट कूलर, सात महिन्यांनंतर: कॅप्टन नेमोला पाण्याचा अंदाज तरी हवा की नाही?

मार्चमध्ये, होळीच्या आदल्या आठवड्यात, नागपुरात सीताबर्डीवरून हा ६५ लिटरचा प्लास्टिक बॉडीचा कूलर आणला. आज ऑक्टोबर. हवेचा झोत, मोटर, हनीकोंब पॅड हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यात माझं काही सांगणं नाही. मला बोलायचंय ते समोरच्या डाव्या कोपऱ्यातल्या बोटभर खिडकीबद्दल. टाकीत पाणी किती आहे हे दाखवायला ती दिली आहे.

आधीचा लोखंडी कूलर चौदा वर्षं चालला. दर उन्हाळ्याला ताट्या बदलायच्या, आतून डांबर मारायचं. पण ओल्या लोखंडात करंट उतरतो आणि माझ्याकडे दहावीच्या व्हेकेशन बॅचची अकरा पोरं येतात. कोणाचा हात कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून प्लास्टिक घेतलं. एसी परवडला असता, पण रोज सहा तास एसी लावून शिकवणीची फी वाढवणं मला पटत नाही. या कूलरच्या लेबलवर १९० वॉट आहेत, म्हणजे पाच तासांना एक युनिटसुद्धा नाही.

मे महिन्यात एका दुपारी बाहेर ४५ अंश होते. गल्लीत कुत्रंही दिसत नव्हतं. खोलीत पडदे ओढलेले, हवा बाहेर जायला समोरची खिडकी तेवढी चार बोटं उघडी. पंख्याची घरघर आणि पॅडवरून झिरपणारं पाणी. एक मुलगा वहीतून मान वर करून म्हणाला, "मॅडम, तुम्ही कॅप्टन नेमो आहात. बाहेर जायचंच नाही, सगळं विजेवर आणि सगळीकडे पाणी." पोरं हसली. मला ते नाव मनापासून आवडलं. त्या दिवसापासून पोरं आमच्या खोलीला नेमोच्या पाणबुडीचं नाव देऊन नॉटिलस म्हणतात.

पाणबुडीचा कप्तान म्हणून नेमो सगळ्यांना माहीत आहे. ज्यूल व्हर्नची ती कादंबरी, 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी', १८७० सालची. पण १८७५ च्या 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये तो आपली ओळख सांगतो, ते फार जणांना ठाऊक नसतं. तो राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेला. बुंदेलखंड म्हणजे काही परकं नाही, झाशी आपल्या दिल्लीच्या गाडीवरचंच स्टेशन आहे. हे सांगितलं तेव्हा पोरांनी त्या दिवशीचं बीजगणित बाजूला ठेवायला लावलं, मीही ठेवलं.

त्या रात्री पाणबुडीचं पुस्तक पुन्हा काढलं. नेमो आपल्या पाहुण्या प्राध्यापकाला भिंतीवरची उपकरणं दाखवतो: थर्मामीटर, बॅरोमीटर, हवेतला ओलावा मोजणारं हायग्रोमीटर, होकायंत्र. नॉटिलस किती खोल गेली हे सांगायला मॅनोमीटर आहेच. म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला बसल्या जागी कळतं. आणि माझ्या कूलरच्या खिडकीतला लाल फ्लोट क्षारांनी अडकून कायम 'फुल'वर!

व्हायचं ते नवतपात, मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत झालं. अकराला भरलेली टाकी साडेचारला तळाला गेली होती, फ्लोट मात्र जागचा हलला नव्हता. पंप कोरडा फिरत राहिला आणि जळाला. सर्व्हिसवाला आला, झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, पंप कोरडा चालवला तुम्ही, वॉरंटीत नाही बसत." मी विचारलं, कोरडा आहे हे मला कळायचं कसं? "इंडिकेटर आहे ना." इंडिकेटरच अडकलाय म्हटलं, तर "तो पार्ट वॉरंटीत नाही." व्हिजिटचे ३५० रुपये मात्र घेतले. फोनवर तीन वेळा भांडले, काही उपयोग झाला नाही. शेवटी इतवारीतून २८० रुपयांचा पंप आणला आणि स्वतः बसवला. चार स्क्रू असतात, कोणालाही जमेल.

त्या रागात जूनमध्ये मी रिव्ह्यूत या कूलरला एकच तारा दिला होता. पाऊस लागला आणि हवा चिकट यायला लागली, तेव्हा हा कूलरच टाकाऊ आहे असंही लिहून टाकलं. ते मी मागे घेते. नेमोचं पाहून चारशे रुपयांचं हायग्रोमीटर आणलं. जूनअखेर त्याचा काटा ७८ टक्क्यांवर होता. हवा आधीच ओली असेल तर पाणी उडत नाही, आणि पाणी उडालं नाही तर गारवा येत नाही. त्यात कूलरचा दोष नाही. आता ऑक्टोबरच्या उन्हात, हवा कोरडी झाल्यावर, दुपारी पुन्हा छान गार वारा येतो.

खिडकीचा इलाज गवंड्याच्या पाणसळीवरून, म्हणजे पातळी बघायच्या पाणी भरलेल्या नळीवरून सुचला. पाणी काढायच्या भोकाच्या बुचाला बारीक छिद्र पाडलं, त्यात पारदर्शक नळी घट्ट बसवली, सांध्याला सील लावलं आणि नळी बाहेरून टाकीच्या उंचीपर्यंत उभी बांधली. आत पाणी जेवढं, तेवढंच नळीत दिसतं. पाण्यात दोन थेंब निळी टाकली की खोलीच्या त्या टोकावरूनही कळतं. नळीवर मार्करने दहा-दहा लिटरच्या रेघा मारल्या आहेत. सगळ्याचा खर्च ४५ रुपये.

कंपनीला ही ४५ रुपयांची नळी लावता येत नाही, याचा मला आजही संताप येतो. तरीही आता चार तारे देते. पाचवा त्या खिडकीपायी कापला आहे. घेणार असाल तर दुकानातच टाकीत बादलीभर पाणी ओतायला लावा आणि फ्लोट वर येतो का ते बघा.

आता ज्याने नाव ठेवलं तो मुलगा आल्या आल्या दप्तर ठेवायच्या आधी नळी बघतो आणि ओरडतो, "कॅप्टन, चाळीस लिटर!"