सहारनपुरी देव्हारा: कोरीवकामाला पाच तारे, ड्रॉवरला एकही नाही

मापं आणि फोटो साइटवर आहेतच, ते पुन्हा लिहीत नाही. शिसमचा, सहारनपूरचा, दोन खांब, वर घुमट, खाली एक ड्रॉवर असलेला तो मधल्या मापाचा देव्हारा. गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये १४,५०० ला घेतला. दोन तारे देतोय ते फक्त ड्रॉवरमुळे. ड्रॉवर म्हणजे किरकोळ गोष्ट असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरी पूजा दुसरं कुणीतरी करत असणार.

हिवाळा आणि उन्हाळा ड्रॉवर लोण्यासारखा सरकत होता. परभणीचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे, बेचाळीसच्या पुढे पारा आणि हवेत ओलाव्याचा थेंब नाही. तेव्हा तर तो इतका सैल झाला की आतली काडेपेटी खडखड वाजायची. मृगाचा पाऊस झाला आणि जरा जोर लावावा लागू लागला. आषाढात दोन्ही हातांनी ओढायची वेळ आली आणि ऐन श्रावणात तो बसला तो बसलाच. आत फुलवाती, कापूर, अष्टगंध, घंटीचा सुटलेला लोलक आणि आईची जपाची माळ. आईने ओढलं तर पितळी मूठ हातात आली. महिनाभर आमच्या घरी वाती स्टीलच्या डब्यात आणि माळ कैदेत.

कंपनीच्या सेवेबद्दल थोडक्यात. फोटो मागितले, दिले. मग व्हिडिओ मागितला. बंद ड्रॉवरचा व्हिडिओ काय काढायचा, तरी काढला. त्यावर फोन आला, 'सर, सॉलिड वुड साँस लेता है, ठंड में अपने आप खुल जाएगा.' लाकडाला श्वास घेऊ द्या हो, पण तोंड तरी उघडू द्या! वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे की हवामानामुळे होणारं आकुंचन-प्रसरण त्यात धरलेलं नाही. मग पुढच्या खरेदीवर पाचशे रुपये सूट देणारं कूपन आलं. त्यांच्याकडे पाचशेत काहीच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार 'निकाली' म्हणून बंद.

शेवटी गल्लीतल्या सुतारमामांना बोलावलं. मी रंधा घेऊन तयारच बसलो होतो. ते म्हणाले, 'कशाला रंधा मारायलाव दादा, आधी बाहेर तर काढू द्या.' देव्हाऱ्याची पाठ प्लायवुडची आहे. 'सॉलिड शीशम' म्हणून विकायचं आणि भिंतीकडची बाजू प्लायची द्यायची, यावरून मी आल्या दिवसापासून कुरकुरत होतो. मामांनी नेमके त्याच प्लायचे स्क्रू काढले, आत हात घातला आणि मागून एक ठोसा दिला. ड्रॉवर माळेसकट बाहेर. अस्सल लाकडाची पाठ असती तर समोरची पट्टी फोडावी लागली असती.

मग त्यांनी जे दाखवलं ते कंपनीने पहिल्याच फोनवर सांगायला हवं होतं. लाकूड फुगतं ते रुंदीत, रेषांना आडवं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. ड्रॉवरच्या पट्ट्यांच्या रेषा आडव्या असतात, म्हणून तो डावी-उजवीकडे अडकत नाही, उंचीत अडकतो. खरंच, बाजूंना नख जाईल एवढी फट होती आणि वरची कड मात्र घट्ट घासून चकचकीत झालेली. त्यात बाहेरून पॉलिशचे हात मारलेले आणि आतून, खालून, मागून लाकूड कोरडंठाक उघडं. पावसाळी हवा तिथूनच आत शिरते. वरच्या कडेला जरासा मोकळेपणा ठेवला असता आणि आतून सीलरचा एक हात दिला असता तरी पुरलं असतं. एवढी अक्कल पाच तारे मिळवणाऱ्या कारखान्याला नसावी?

त्यांनी वरची कड अगदी कागदाइतकी घासली, कारण लाकूड सगळ्यात जास्त फुगलेलं असतानाच घासलं तर कमीत कमी घासावं लागतं आणि पुन्हा अडकत नाही. उन्हाळ्यात फट दिसेल, म्हणाले, दिसू द्या. सगळीकडून सीलर, घासणाऱ्या पट्ट्यांवर मेणबत्ती. आतल्या एका पट्टीत फिकट पांढरा पट्टा निघाला, तो बाहेरचा कच्चा भाग, रसकाष्ठ. शिसमचा तपकिरी गाभा किडीला दाद देत नाही, पण भुंगा या पांढऱ्यात शिरतो आणि खाली पीठ पडायला लागतं. बाहेरून गडद रंग मारला की हा पट्टा दिसतच नाही. तिथे कीडनाशक मारून घेतलं. मजुरी चारशे, म्हणजे कूपनपेक्षा स्वस्त.

इथपर्यंतचं महालक्ष्म्यांच्या आधी लिहून ठेवलं होतं. तेव्हा मथळा 'घेऊ नका' असा होता.

महालक्ष्म्यांच्या आवराआवरीत देव्हारा पुसायला घेतला आणि माझं मत थोडं हललं. कोरीवकामावर माझा राग होताच. तेलवातीची काजळी आणि धूळ मिळून नक्षीच्या खाचेत जो चिकट थर बसतो, तो ओल्या फडक्याने निघत नाही, उलट लिंपला जातो. कोरडा रंगाचा ब्रश घेऊन एकेक पान झाडावं लागतं. तसं झाडताना लक्षात आलं की डाव्या खांबावरची द्राक्षाची वेल आणि उजव्यावरची एकसारखी नाही. एका घडात मणी जास्त, एका पानाचं टोक वळलेलं. यंत्राने एक पान काढलं की शंभर पानं तशीच निघतात. आणखी एक खूण म्हणजे आतले कोपरे. राउटरचं, म्हणजे नक्षी कोरणाऱ्या यंत्राचं, पातं गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा टोकदार होत नाही, गोलसर राहतो. आमच्या खांबांवरचे कोपरे टोकदार आहेत, आणि दोन-तीन ठिकाणी पटाशी जरा पुढे गेल्याचा ओरखडाही आहे. बाजूच्या जाळ्या मात्र सरळ यंत्राच्या. म्हणजे दर्शनी खांब माणसाने कोरलेत. द्राक्षवेल, ज्याला तिकडे अंगूरी म्हणतात, ती सहारनपूरची ओळखच आहे. आणि वरची महिरप आपल्याला परकी नाही. जुन्या वाड्यांत सुरूदार खांबांच्या मधे अशाच महिरपी असतात. आमच्या आजोळी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, उतरवलं तेव्हा तसलं सागवान वजनावर विकलं गेलं, तो विषय नको.

एवढी नक्षी हाताने कोरून १४,५०० ला? कोरणाऱ्याच्या हातात किती पडले असतील याचा हिशोब मी केला आणि सोडून दिला. पण राग कारागिरावर नाही हे तेव्हा ठरलं. खांब कोरणारा एक, ड्रॉवर ठोकणारा दुसरा, आणि दुसऱ्याला घाई होती.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि ड्रॉवर पुन्हा खडखड वाजू लागला. म्हणजे तो फोनवरचा माणूस खरं बोलत होता. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

कुणी विचारेल, दुसरं का नाही घेतलं. गुजरातच्या संखेड्याचा लाखकामाचा देव्हारा पाहिला होता. सागवान खरादावर, म्हणजे लेथवर, उतरवून त्यावर लाखेचा रंग आणि सोनेरी वेलबुट्टी, दिसायला झकास. पण लाख उष्णतेने मऊ पडते, आणि आमच्याकडे समई दिवसभर तेवते. झोपाळा घ्यायचा असेल तर संखेडा घ्या. तेलंगणातलं निर्मल आम्हाला नांदेडवरून जवळचं, तिथली रंगवलेली खेळणी मावशीकडे शोकेसमध्ये आहेत, पण ते पोनिकीचं हलकं, मऊ लाकूड. रंगासाठी, बाहुल्यांसाठी उत्तम. पितळी देवांचं वजन त्यावर टाकायला माझं मन होईना. म्हैसूरचं जडावकाम माझ्या खिशाबाहेरचं. आणि मामांनी सागवानात साधा देव्हारा करून देण्याचे सांगितलेले पैसे सेलपेक्षा जास्त होते, म्हणून तेव्हा नाही केला. सागवान हवामानाने कमी हलतं हे तेव्हाही माहीत होतं.

तर तारे दोनाचे साडेतीन करतोय. साइट अर्धा घेत नाही म्हणून तीन. चौथा ड्रॉवरने खाल्ला.

घेणाऱ्यांनी विक्रेत्याला ऑर्डरआधी एवढं लेखी विचारा: पाठ कशाची आहे, ड्रॉवर आतून पॉलिश केलाय का, आणि आतल्या पट्ट्यांचा फोटो द्याल का. उन्हाळ्यात माल आला तर वरची फट लगेच बघा, नख सहज गेलं पाहिजे. घट्ट असेल तर परतीची मुदत संपण्याआधीच बोला, कारण पावसाळा ती मुदत संपल्यावरच येतो. मूठ अजून बसवलेली नाही, तिचे स्क्रू वेगळ्या आट्याचे आहेत आणि परभणीत मिळेनात.