सेलेनियमच्या नावाखाली मोरचूद: मेंढ्या असणाऱ्यांनी हे जरूर वाचा

सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड या भागात ज्यांची मेंढरं आहेत त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा आणि वाड्यावर जे मुक्कामाला आहेत त्यांना फोन करून सांगा. सेलेनियम, म्हणजे जनावराला कणभर लागणारं खनिज, म्हणून आम्हाला विकलेल्या पावडरीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार निघाला. आमच्या कळपातल्या जाणत्या, दोन-दोन वेतं झालेल्या मेंढ्या यात गेल्या.

माणूस मोटरसायकलवर येतो. गळ्यात ओळखपत्र, बॅगेवर जनावरांची चित्रं, बोलणं गोड. आमच्याकडे आला तेव्हा मेंढरं मक्याच्या खळ्यावर शिरून दाणे खाऊन आली होती. काहींची पोटं तटतटलेली, लेंड्यांच्या जागी पातळ हगवण. त्यात एक कोकरू मागच्या पायांनी लडबडत होतं. त्याने कोकराचा पाय दाबून पाहिला आणि अण्णांना म्हणाला, "बाबा, हे सेलेनियम कमी पडलंय. म्हणून पचत नाही अन् चारा अंगाला लागत नाही." मग पेल्यात पाणी घेतलं, त्यात लिंबू पिळलं आणि चमचाभर पावडर टाकली. फस्सकन फेस काठावर आला. "पोटातला गॅस असाच मोकळा होतो बघा." त्याने स्वतःच्या हाताने चार मेंढ्यांना ती पाजली. सकाळपर्यंत पोटं उतरली, रवंथ सुरू झाली.

फसवणूक इथेच आहे. तो फेस खायच्या सोड्याचा होता. दाणे जास्त खाल्ले की मेंढीच्या पोटात आम्ल वाढतं आणि सोड्याने ते उतरतं, हे कोणताही डॉक्टर सांगेल. सेलेनियमचा त्यात काडीचा संबंध नाही. पण गुण डोळ्यांसमोर आला, म्हणून पावडरीची बादली घरात आली. "सरकारी योजनेतली आहे, बाहेर दुप्पट भाव आहे" असं सांगून पैसे रोख घेतले. बिल मागितलं तर म्हणे योजनेत बिल नसतं. बादलीवर ठसठशीत अक्षरात सेलेनियम, पण किती, ते कुठेच लिहिलेलं नाही. रोज मूठभर द्या, कोकरू असो की मेंढा, हा त्याचा सल्ला.

महिना-दीड महिना सगळं ठीक वाटलं. मग कळप दुसऱ्या गावाला हलवला आणि त्याच आठवड्यात मेंढ्या पडायला लागल्या. आधी चरणं बंद. पापणी उलटून पाहिली तर डोळे हळदीसारखे पिवळे. लघवी लाल-काळी. दोन दिवसांत जीव जायचा. शेळ्यांनी तीच पावडर खाल्ली होती, त्या मात्र ठणठणीत.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी एक मेंढी फाडून पाहिली. मूत्रपिंडं काळीनिळी, यकृत पिवळं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "द्राक्षबागेत चारता का?" चारतो. छाटणीनंतर बागेतलं गवत मिळतं, आणि बागेवर बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याची फवारणी झालेली असते. मग त्यांनी बादलीतली पावडर पांढऱ्या कागदावर पसरली. त्यात निळसर खडे दिसले. नाशिकच्या शेतकऱ्याला मोरचूद ओळखायला शिकवावं लागत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात पावडरीत आणि यकृतात तांबं भरमसाट निघालं, सेलेनियम नावालाही नव्हतं.

गाईला चालतं तेवढं तांबं मेंढीला चालत नाही. जास्तीचं तांबं तिला पटकन बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात साठत जातं. बाहेरून काही कळत नाही. प्रवास, पाऊस, उपासमार असा ताण आला की साठा एकदम रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशी फुटतात. म्हणून गाई-म्हशींचं खनिज मिश्रणसुद्धा मेंढ्यांना देऊ नये. ज्या मेंढ्यांचे डोळे पिवळे झाले नव्हते त्यांना डॉक्टरांनी अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम थायोसल्फेट ही तांबं बाहेर काढणारी औषधं दिली, त्या वाचल्या.

आता सेलेनियमचं खरं काय, ते डॉक्टरांनी नीट समजावलं. ते जनावराला लागतं, पण कणभर. एक किलो कोरड्या चाऱ्यात ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम एवढंच. ते ई जीवनसत्त्वाच्या जोडीने स्नायू सांभाळतं. खरंच कमी पडलं तर कोकराचे स्नायू पांढरे पडतात, ते ताठरतं, त्याला उठता येत नाही. मेंढीच्या पोटातले चारा पचवणारे सूक्ष्मजंतू बरंचसं सेलेनियम निकामी करतात, खाल्लेल्यातलं साधारण तिसरा हिस्साच अंगी लागतं. म्हणून काही जण मूठ वाढवतात, आणि तेच जिवावर बेततं, कारण गरजेची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार कमी आहे. पाय दाबून कमतरता ठरत नाही, रक्त तपासावं लागतं. आमचं ते कोकरू जंतांनी अशक्त झालं होतं. जंताचं औषध दिल्यावर ते कळपाबरोबर पळू लागलं.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. बिल नाही, फोन बंद आहे, बादलीवरचा पत्ता खोटा निघाला. तरी पाठपुरावा सोडलेला नाही, कारण निफाडच्या बाजूला असाच माणूस फिरतो असं ऐकतोय.

तुमच्याकडे अशी बादली असेल तर आजपासून पावडर बंद करा. मेंढ्या आता ठीक दिसतात म्हणून थांबू नका, १९६२ वर फोन करून डॉक्टरांना बोलवा आणि तोवर कळप हलवू नका. पावडर उकिरड्यावर टाकू नका, मेंढरं तिथे चाटतात. तोंड बांधून उंच ठेवा, तपासणीला आणि तक्रारीला तीच लागते.