व्यक्तिचित्रासाठी कुठे बसवावं: खिडकीपाशी की झाडाखाली?

गिरगावातल्या माझ्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. तिथला उजेड फारसा हलत नाही. नाकाची सावली सकाळी जिथे, तिथेच दुपारी. चेहरेपट्टी हुबेहूब उतरवायची तर अशीच जागा हवी. फक्त एक ध्यानात ठेवा. मुंबई १९ अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी बाराचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. युरोपातल्या चित्रकारांचा उत्तरेचा स्थिर प्रकाश त्या दिवसांत आपल्याकडे भरवशाचा नाही.

राणीच्या बागेत गोष्टच निराळी. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेत जुन्या झाडांची सावली भरपूर. गेल्या हिवाळ्यात तिथे आत्याला बसवलं आणि तिच्या हनुवटीखाली चक्क हिरवं दिसलं! गवतावरून परतलेला उजेड तो. कपाळावर आभाळाची निळसर झाक, पांढऱ्या पदराच्या घड्यांत पुन्हा हिरवा. खोलीत मी त्या जागी सवयीने तपकिरी भरला असता. खोलीतला चेहरा एकटा असतो, इथे झाड आणि माती त्यात उतरतात. आत्याही सैलावली, कावळ्यांकडे बघत राहिली, आणि तीच नजर मला हवी होती.

अडचण ऊन सरकण्याची. अर्ध्या-पाऊण तासात सावल्या बदलतात, म्हणून तिथे मी जलरंगच नेते. पावसाळ्यात मात्र कागद वाळता वाळत नाही. तेव्हा खिडकीच बरी.

एकच निवडायचं तर मी झाड निवडेन. नाक थोडं चुकलं तर घरी सुधारता येतं, तो हिरवा घरी सापडत नाही.