बँकॉकमध्ये खरेदीला एकच दिवस: चतुचक की प्लॅटिनम?

बँकॉकला निघालेलं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असतो, "स्वस्त कुठे?" चतुचक आणि प्लॅटिनम, स्वस्त या दोन्ही बाजारांत आहे. आधी एवढंच ठरवा, एका प्रकारच्या वस्तूचे किती नग घ्यायचे आहेत?

प्लॅटिनम म्हणजे प्रतुनाम भागातला कपड्यांचा ठोक बाजार, फक्त एसी आणि सरकत्या जिन्यांचा. इथे बहुतेक कपड्यांना दोन भाव असतात. एक नग घेतलात तर एक, तीन घेतलेत तर दुसरा. मी, जाऊ आणि नणंद अशा तिघी गेलो होतो. गाळेवालीने कॅल्क्युलेटरवर २५० बाट दाखवले. मी तिघींकडे बोट फिरवल्यावर तिने आकडा पुसून २०० केला. तीन रंग, तीन पसंती, भाव ठोक. त्याखाली मात्र ती हलली नाही, आणि आम्हीही फार ताणलं नाही. तुळशीबागेतली घासाघीस इथे चालत नाही.

अडचण मापाची आहे. बहुतेक गाळ्यांत घालून बघता येत नाही आणि "फ्री साइज" म्हणजे थाई बांध्याची साइज. घरातली मोजपट्टी पर्समध्ये टाका. स्वतःला नीट बसणारा एक टॉप मोजून ठेवला की निम्मी कटकट संपते.

चतुचक हा मुख्यतः शनिवार-रविवारचा बाजार. मंगळवारी बँकॉकमध्ये असाल तर प्रश्नच मिटला. २७ विभाग, त्यात अरुंद गल्ल्या, वर पत्रे, आणि दुपारी घामाच्या धारा. पण मातीची भांडी, लाकडी कोरीवकाम, दिवे, साबण, जुने कपडे, चित्रं, असल्या गोष्टींसाठी प्लॅटिनम याच्या जवळपासही येत नाही. एकेकच वस्तू घ्यायची असेल, ती दुसऱ्या कुणाकडे नको असेल, तर इथेच या. मला एका गल्लीत हिरवट झिलईचा, बारीक तड्यांची नक्षी असलेला सेलाडॉनचा (अशा झिलईच्या मातीकामाचा) वाडगा दिसला. "फेरी मारून येते" म्हणाले आणि तासभर ते दुकान शोधत बसले. सापडलं नाही. आवडलं की तिथेच घ्या, नाहीतर निदान विभाग आणि गल्लीच्या नंबराच्या पाटीचा फोटो काढा. हरवलात तर मधल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी भेटायचं ठरवून ठेवा.

भाव इथे करता येतो, हसतमुखाने. "लोत दाय माय खा?" म्हणजे "कमी होईल का?" (पुरुषांनी शेवटी "खा"ऐवजी "ख्राप" म्हणायचं.) रोख जवळ हवी, छोट्या ठेल्यांवर कार्डाचा भरवसा नाही. बुद्धमूर्ती मोहात पाडतील, पण परवानगीशिवाय त्या थायलंडबाहेर नेता येत नाहीत.

चतुचकला मेट्रोने कम्फेंग फेत स्थानकावर उतरा, २ नंबरच्या दाराने थेट बाजारात निघता. प्लॅटिनमकडे टॅक्सीने जाऊ नका, त्या रस्त्यावर मीटर पळतो आणि गाडी उभी राहते. सेन सेप कालव्यातली बोट प्रतुनाम भागात सोडते, तिथून चालत काही मिनिटं.

पर्यटकांना मिळणाऱ्या व्हॅट (विक्रीवरचा कर) परतीची आशा दोन्हीकडे सोडून द्या. त्यासाठी योजनेत असलेलं दुकान, पासपोर्ट आणि त्या एका दुकानात एकाच दिवशी किमान २,००० बाटची खरेदी लागते. ते मोठ्या मॉलचं काम.

माझं मत विचाराल तर सोबत सासू-सासरे किंवा लहान मुलं असतील, किंवा दहा जणांना वाटायचे कपडे हवे असतील, तर प्लॅटिनम. तिथे वर फूड कोर्ट आहे, म्हाताऱ्यांना बसवून ठेवता येतं. एकट्या किंवा दोघी असाल आणि शनिवार हाताशी असेल, तर सकाळी लवकर चतुचक, दुपारी बाराच्या आत बाहेर. मी पुढच्या वेळी तेच करणार आहे. तो वाडगा अजून डोक्यात आहे.